नागपूरची लाइन

एवढं क्रॉस कनेक्शन मी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. पडद्यावर एक जण विचारत होता, पाऊस आहे का. दुसरा म्हणत होता, कालचा पेपर बेकार गेला. तिसरीनं नुसतंच ‘कुणी आहे का’ असं टाकलं होतं, आणि चौथा कुणाला तरी खुशाल शिव्या देत होता. सगळे एकाच वेळी, एकमेकांच्या वाक्यात पाय घालून. आणि तक्रार मात्र कुणाचीच नाही.

"अगं, बंद कर ही लाइन," मी शाइस्ताला म्हटलं. "भलत्यांचं भलत्यांशी जोडलं गेलंय."

शाइस्ताला हसू आवरेना. "मावशी, याला चॅट रूम म्हणतात. मुद्दामच जोडलंय सगळ्यांना."

धायरीत आमच्या सोसायटीच्या तोंडाशी शाइस्ताचा एसटीडी बूथ. मोबाइल आले तशी बूथवरची गर्दी ओसरली, म्हणून तिनं मागच्या खोलीत प्लायवुडचे आडोसे घालून कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर ‘सायबर कॅफे’ रंगवून घेतलं. कॉफी मिळत नाही. चहा समोरच्या टपरीवरून येतो आणि तोही मागितला तर. आमचा घरचा फोन त्या आठवड्यात मेला होता, मांजरी गावातल्या बहिणीशी बोलायचं होतं, म्हणून मी गेले होते. मी तिला नेहमी चिडवायचे, "तुमच्या एसटीडीनं आमच्या पोटावर पाय दिला, आता मोबाइलनं तुमच्या दिला. फिटंफाट." तीही कमी नाही. म्हणायची, "पण मावशी, तुम्हाला पेन्शन आहे."

बहिणीशी बोलून झालं तरी मी तिथंच उभी राहिले. कारण त्या खोलीतून एक आवाज येत होता. इंटरनेट लागताना तो मोडेम नावाचा लहानसा डबा आधी शिट्टी घालतो, मग खरखरतो, मग दोन सूर एकमेकांना शोधत वर-खाली जातात आणि एकदम गप्प होतात. गिऱ्हाइकं त्या आवाजानं वैतागतात. मला मात्र भर दुपारी कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं झालं. कुठंतरी लांब लाइन लागत होती.

मी सत्यशीला. ट्रंक ऑपरेटर. आता हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. पूर्वी पुण्याहून नागपूरला फोन करायचा तर आधी तो आमच्याकडे बुक करायचा आणि घरी बसून वाट बघायची. आमच्यापुढे उभा बोर्ड, त्यात भोकं, भोकांवर गावांची नावं. वायर उचलायची, त्या गावाच्या भोकात खुपसायची आणि म्हणायचं, "हॅलो नागपूर, पुणे बोलतेय." तिकडून नागपूर ओ द्यायची. मग दोन्हीकडची माणसं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. ड्यूटीवर स्वतःचं नाव सांगायचं नाही, असा नियम होता.

हा नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला. आमच्या विश्रांतीच्या खोलीत नव्या मुलीला पहिला प्रश्न नावाचा आणि लगेच दुसरा आडनावाचा. मी आडनाव सांगितलं की समोरची "अच्छा" म्हणायची आणि तिचा डबा जरासा पलीकडे सरकायचा. रागानं मला घास गिळवत नसे. पण हेडसेट घातला की मी पुणे. आडनाव नाही, आळी नाही, अख्खं पुणे मी. सांगली, सोलापूर, नागपूर, सगळ्या माझ्याशी बरोबरीनं बोलायच्या.

त्यातली नागपूर माझी. तशी त्या गावाची माया आधीपासूनच होती, छप्पन साली आईवडलांनी तिथं दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. पण ही माया वेगळी. तिचा आवाज जरा जाडसर, वाक्याच्या शेवटी वर उचललेला. दुपारी जेवणानंतर लाइन सुस्तावायची, पुण्यातली दुकानं तर झोपायचीच, सुपरवायझरबाई डोळे मिटून विचार करायच्या. तेव्हा आम्ही दोघी हळू आवाजात बोलायचो. एकदा ती म्हणाली, "माह्या खिडकीतून कडुनिंब दिसून राहिला. तुह्या खिडकीतून काय दिसते व, पुणे?"

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. चार भिंती आणि डोक्यावर पंखा. पण तिनं इतक्या मायेनं विचारलं की मला नाही म्हणवेना. मी म्हटलं, "बोळ दिसतोय. एक मुलगी सायकल शिकतेय."

थाप म्हणा हवं तर. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

मुलगी हिरव्या फ्रॉकातली. सायकल बापाची, तिच्यापेक्षा उंच. नळीखालून पाय घालून ती अर्धं अर्धं पायडल मारायची आणि बाप कॅरिअर धरून मागून पळायचा. नागपूरनं नाव विचारलं. मी म्हटलं, "आम्रपाली. घरी आमू म्हणतात." हे नाव माझ्याजवळ तयारच होतं. आम्हाला मूल नाही. एका वाक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हळहळायला नको.

मग रोज दुपारी नागपूर विचारायची, "आज पडली का आमू?" मी सांगायची, पडली, पण रडली नाही. किंवा, आज कुत्रं आडवं आलं. किंवा, बापाला दम लागला म्हणून दोघं कठड्यावर बसून पेरू खातायत. सांगता सांगता मला तो बोळ खरंच दिसायला लागायचा. घरी जाताना मी रस्त्यात उगाच एखाद्या बोळाशी थबकायचे. वर्षं गेली. आमू मात्र तेवढीच राहिली, आणि नागपूरनं कधी विचारलं नाही की एवढी वर्षं सायकल शिकणारी ही कसली मठ्ठ पोरगी.

पुढं थेट डायल करायची सोय गावोगाव पोचली आणि आमचे बोर्ड ओस पडत गेले. एका दुपारी मी म्हटलं, "नागपूर, आज काय झालं माहितीये? बापानं कॅरिअरवरचा हात सोडला."

"अव माय!" ती म्हणाली. "मंग?"

आणि लाइन गेली. मला वाटलं, बिघाड असेल, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भोकावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. वरून हुकूम आला होता म्हणे. आम्हाला कुणी आधी सांगायची तसदी घेतली नव्हती. ऑपरेटरला कोण सांगतो?

मला चौकशीच्या टेबलावर टाकलं, तिथूनच निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पहिल्याच दसऱ्याला मी नागपूरला गेले. नोकरीत असताना सणाची रजा कधी मिळाली नाही, तिलाही नाही. आम्ही ठरवायचो, की एकदा दीक्षाभूमीवर भेटू. मी म्हणायचे, ओळखणार कशी? ती म्हणायची, मी हाक मारीन नं. त्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत मी दिवसभर कान देऊन हिंडले. दुसऱ्या दिवशी तिथल्या एक्स्चेंजमध्ये जाऊन चौकशी केली. खिडकीतला माणूस म्हणाला, "कोणती बाई? नाव काय?" मी म्हटलं, "नागपूर." त्यानं माझ्यामागच्या माणसाला पुढं बोलावलं.

तर एवढंच होतं. मला ती एकदा ऐकायची होती. तिच्या "मंग?"चं उत्तर माझ्याकडे राहून गेलं होतं, आणि ते तसंच घेऊन मरायची माझी तयारी नव्हती.

शाइस्तानं पडद्यावरची खोल्यांची नावं खाली खाली सरकवली. दिल्ली, मुंबई, पुणे, नागपूर. गावांची नावं एकाखाली एक. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"नागपूर लाव," मी म्हटलं.

"आधी तुम्हाला एक नाव घ्यावं लागेल, मावशी. खरं नको, कुठलंही."

"पुणे."

ते कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. पुण्यात असं होणारच. शेवटी ‘पुणे बोलतेय’ असं नाव मिळालं. मराठी लिहायचं, पण अक्षरं इंग्रजी. मी एका बोटानं शोधून शोधून टाइप केलं, ‘हॅलो नागपूर, पुणे बोलतेय.’ आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले. लाइनवर हाक मारली की थांबायचं असतं, पलीकडच्या बाईला वायर उचलायला वेळ लागतो.

पलीकडे बाई नव्हती, अख्खं गाव होतं. सगळे एकदम तुटून पडले. कुणी म्हणालं हाय पुणे, कुणी म्हणालं पुण्याचे लोक लई शहाणे, आणि निम्म्यांनी विचारलं, ‘एएसएल?’

"हे काय?"

"वय, बाई की पुरुष, आणि गाव," शाइस्ता म्हणाली.

"आडनाव नाही?"

"नाही."

"बरंय की मग," मी म्हटलं, आणि सगळं खरं खरं लिहिलं. साठी उलटलेली बाई, धायरी. मग एक जण म्हणाला, ‘आजी नमस्कार.’ दुसरा चहाटळ म्हणाला, ‘मीच नागपूर आहे, बोला.’ मी लिहिलं, ‘तुमचा आवाज तसा नाही.’ त्यानं विचारलं, कुठला आवाज. आणि मला एकदम उमगलं, की इथं आवाज नाहीच. एवढी बडबड आणि खोलीत नुसता पंखा वाजतोय.

तरी मी रोज दुपारी जायला लागले. रामदास, माझे यजमान, सरकारी छापखान्यातून निवृत्त, बोलतात कमी आणि टोचतात जास्त. म्हणाले, "जा. म्हातारपणी कॉलेज लागलंय, तर हजेरी बुडवू नये माणसानं."

खोलीचे रीतिरिवाज मी शिकले. मोठ्या अक्षरांत लिहिलं तर ओरडल्यासारखं होतं, हे शिकले. दोन ठिपके आणि कंस म्हणजे हसणं, हे शिकले, पण ते मला अजूनही आडवं पडलेलं माणूस वाटतं. जुनी खोड मात्र जाईना. कुणी विचारलं, ‘शीतल आलीय का?’ की मी शेजारच्या खोलीत डोकावून शीतलला शोधायची, ‘तुमचा नागपूरचा कॉल आहे’ म्हणून तिला घेऊन यायची आणि दोघांना ‘बोला’ म्हणून गप्प बसायची. पोरं हसायची. पण मग स्वतःच सांगायला लागली, पुणे आजी, अमक्याला जोडून द्या ना.

उन्हाळ्याच्या त्या दुपारी मला अजून आठवतात. बाहेर सिंहगड रोडवर ट्रक जायचे, खडी आणि सिमेंट घेऊन, धायरीचं गावपण रोज थोडं थोडं पुरत. आत प्लायवुडचा आडोसा, निळसर उजेड आणि वर वर चढत जाणारी वाक्यं. वाचता वाचता डोळा लागायचा. अर्धवट झोपेत त्या वाक्यांना आवाज फुटायचे, आणि मला वाटायचं सगळ्या वायरी पुन्हा माझ्या हातात आल्यात. एकदा कुणीतरी विचारलं, आजी, खिडकीतून काय दिसतंय? शाइस्ताच्या त्या खोलीलाही खिडकी नाही. मी लिहिलं, ‘बोळ.’ आणि पुढं काही लिहवेना. ते ज्या बाईचं होतं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणं मला चोरीसारखं वाटलं.

"मावशी, तुम्ही इथं हाका मारता, पण इथलं सगळं वर जाऊन नाहीसं होतं," शाइस्ता एक दिवस म्हणाली. "त्या बाई संध्याकाळी आल्या तर त्यांना काय दिसणार? बोर्डावर लिहा. मेसेज बोर्ड. तिथं लिहिलेलं राहतं."

तिनं नागपूरकरांचा एक बोर्ड शोधून काढला. खोलीत माणसं बोलतात, बोर्डावर ती काहीतरी चिकटवून जातात आणि पुढचा माणूस त्याच्याखाली आपलं चिकटवतो. मी बराच वेळ विचार करून लिहिलं, ‘नागपूर, पुणे बोलतेय. तू बोलत होतीस तेव्हा लाइन गेली. तुझा निरोप येईपर्यंत मी इथंच आहे.’ आणि खाली, ‘पुणे.’

शाइस्तानं कपाळाला हात लावला. "अहो, नाव लिहा. गाव लिहा, फोन लिहा. ट्रंक ऑपरेटर होता ते तरी लिहा. हे म्हणजे एखाद्या गावाला हाक मारल्यासारखं झालं."

"आयुष्यभर तेच केलं की. तिला माझं नाव माहीतच नाही. सत्यशीला लिहिलं तर तिला कसं कळेल की ही मी?"

"पण बाकीच्यांना काय कळेल?"

"बाकीच्यांना कशाला कळायला हवंय?"

पण चूक माझीच ठरली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर ही झुंबड. एकानं विचारलं, पुण्यात एक खोली भाड्यानं मिळेल का. एकीनं लिहिलं, अहो, संत्री पाठवू का. एका दिवट्यानं माझा निरोप राजकीय समजून वेगळ्या विदर्भावर पानभर भाषण ठोकलं, त्याला उत्तर द्यायला पुण्याचे चार जण धावून आले, आणि मग दोन्ही गावांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली. मी मध्ये पडून लिहिलं, ‘ही लाइन मोकळी ठेवा, माझा कॉल यायचाय.’ त्यावर त्यांनी माझीच टिंगल केली. घरी येऊन रामदासना सांगितलं. ते म्हणाले, "तू गावाला हाक मारलीस. आता अख्खं गाव ओ देतंय, तर तक्रार कसली?"

पावसाळा आला, गेला. खोलीतली जुनी पोरं नोकरीला लागली, नवी आली. भांडणारे कंटाळून दुसरीकडे भांडायला गेले. माझा निरोप बोर्डावर खाली खाली ढकलला गेला, आणि मी रोज सरकवत सरकवत तिथवर जाऊन बघून यायची. शाइस्ता आता काही बोलत नसे. नुसता चहा मागवायची, न मागता. तिनं असा न मागता चहा मागवला की मला रडू यायचं आणि तिचा रागही यायचा, कारण त्याचा अर्थ तिनं आशा सोडली होती असा होता.

आणि एका दुपारी माझ्या निरोपाच्या खाली, सगळ्या भांडणांच्या खाली, एक ओळ होती.

‘पुणे, मंग आमू पडली का?’

मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग मी इतक्या मोठ्यानं "शाइस्ता!" म्हणून ओरडले की बूथवर फोन करणारा माणूस फोन टाकून आत आला. मी पडद्याकडे बोट दाखवत राहिले. शाइस्ताला आमूची गोष्ट ठाऊक नव्हती, कुणालाच नव्हती, रामदासनासुद्धा नाही. पण माझं तोंड बघून ती बाई माझ्या गळ्यात पडली आणि कारण न कळताच रडली.

मी लिहिलं, ‘नंबर दे. आवाज ऐकायचाय.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पण ते तिचं नव्हतं. ‘मी शर्मिला, त्यांची सून. हा माझा मोबाइल नंबर. उद्या दुपारी करा. पण फोन कराल तेव्हा कॉम्प्युटरवरही बसा, चॅटमध्ये. आईंना दोन्ही एकदम हवंय.’ याचा अर्थ मला लागेना. रामदास म्हणाले, "नागपूरची माणसं हौशी." पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी चांगली साडी कपाटातून काढून पलंगावर ठेवली होती.

इंटरनेटची लाइन वेगळी आणि बूथची वेगळी, म्हणून दोन्ही जमण्यासारखं होतं. शाइस्तानं बूथचा फोन लांब वायर लावून आतल्या टेबलावर आणला. मी नंबर फिरवला. ज्या बाईनं हजारो कॉल लावले, तिला स्वतःचा एक लावताना घाम फुटला.

"नमस्कार मावशी," शर्मिला म्हणाली. "एक सांगायचं राहिलं. आईंना ऐकू येत नाही. मोठा ताप आला होता, त्यात दोन्ही कान गेले. घरात कुणाशी बोलणंच राहिलं नाही, म्हणून तर मी त्यांना कॉम्प्युटर शिकवला. तुम्ही तिकडून लिहा, त्या वाचतील. आणि त्या फोनवर बोलतील. तुम्हाला त्यांचा आवाज ऐकायचा होता ना?"

ती बाई म्हणजे माझ्यासाठी नुसता कान होती. एवढ्या वर्षांत मला जर कुणी ऐकलं असेल तर तिनं. आणि आता मी काहीही बोलले तरी ते तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. कुणावर संतापावं तेही मला कळेना. पलीकडे मोबाइल या हातातून त्या हातात गेल्याची खरखर झाली.

"हॅलो पुणे," नागपूर म्हणाली.

तोच आवाज. म्हातारा झालेला, जाड, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मध्येच मोठा, मध्येच अगदी बारीक होणारा. पण शेवटी तसाच वर उचललेला. मी नकळत तोंडानं "हॅलो, हॅलो नागपूर" म्हणायला लागले. शाइस्तानं हळूच माझा हात धरून कीबोर्डवर ठेवला. मी रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला आणि टाइप केलं, ‘आहे मी. बोल.’

"आहे मी, बोल," तिनं मोठ्यानं वाचलं. "अव, किती वर्षानं! सून म्हणे, आई, नागपूरच्या नावानं कोणी बाई बोर्डावर हाका मारून राहिली. मी म्हटलं, ते मीच होय." ती खूप हसली. मग थांबली. "मंग? बापानं हात सोडला होता."

मी कीबोर्डकडे बघितलं. वाटलं, आता या वयात निदान एक शब्द खरा सांगावा. मी लिहायला घेतलं, ‘खिडकी’, आणि बोट तिथंच अडलं. पुढचा शब्द ‘नव्हती’ हा होता, आणि त्यानंतर आमूबद्दलही तोच लिहावा लागणार होता. पडद्यावर ती एकटी रेघ लुकलुकत राहिली.

पलीकडे नागपूर वाट बघत होती. मग तिचा आवाज बारीक झाला.

"थांबली काहून? खिडकीचं मनात असंल तर राहू दे व. तिकडच्या बोर्डाच्या खोलीले खिडकी नाही, हे मले कवाच मालूम होतं. आमच्याइथली एक बाई बदली होऊन तुमच्याकडे गेली होती, तिनं पहिल्याच महिन्यात सांगितलं. पण पोरगी होती नं? पोरगी आपली दोघींची होती. माह्या घरी तीन पोरं, पोरगी नाही. दुपार झाली की माहा जीव आमूत राह्यचा. तिचं सांग मले. पडली का?"

मला समोरचं दिसेना. शाइस्तानं तिच्या ओढणीच्या टोकानं माझा चष्मा पुसला आणि परत नाकावर चढवला. इतकी वर्षं मी समजत होते की ते मूल माझं एकटीचं, आणि मीच ते कुणाच्या नकळत वाढवतेय.

मी ‘खिडकी’ खोडलं आणि लिहिलं, ‘नाही पडली.’

"नाही पडली," नागपूरनं वाचलं. सुनेला ओरडून सांगितलं, "नाही पडली व, शर्मिला!" मग परत फोनशी आली. "मंग?"

मी लिहिलं, की बोळ संपला तरी ती थांबली नाही. बाप हात तसाच पुढं धरून उभा राहिला. ती मोठ्या रस्त्याला लागली, तिनं घंटी वाजवली, एक टांगा बाजूला झाला. नागपूर एकेक शब्द माझ्या मागोमाग वाचत होती, माझ्या चुका दुरुस्त करत, मी जिथं अडायची तिथं थांबत. पुढं काय होणार ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत आमू कधी त्या बोळाबाहेर गेलीच नव्हती.

"आता केवढी झाली असंल?" नागपूर म्हणाली.

शाइस्ता बाहेर जाऊन बूथचं दार ओढून आली. मी खांद्याशी रिसीव्हर नीट दाबला आणि पुढचं अक्षर शोधू लागले.